पैशाचा बाण कुणीकडे?



आपल्या मॅगझीनच्या मराठी विभागात दरवर्षी हॉस्टेलच्या आठवणी, पाऊस, आई आणि पहिलं प्रेम यांच्यावर भरपूर लिहून येतं. मी यंदा चक्क अभ्यासाचा लेख लिहिते आहे. हा विषय कुठल्याच सेमिस्टरला नाही. याचं जर्नल नाही, सबमिशन नाही. पण याची ओरल कधीही होऊ शकते, अगदी रात्री साडेनऊलासुद्धा, आणि त्यात नापास झालं तर एटीकेटी मिळत नाही. थेट पैसे जातात. आमचे गेले.

आमचे म्हणजे मुख्यतः माझ्या रूममेटचे. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. लेख तिने आधी वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे. नाव मात्र घालत नाही, कारण मुद्दा तिचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

असं झालं

या सेमिस्टरच्या सुरुवातीची गोष्ट. रूममेटला एक मेसेज आला. शनिवार-रविवारचं काम, पद 'मिस्टरी शॉपर'. दुकानात साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, वस्तू घ्यायची, सेवा कशी मिळाली ते फॉर्ममध्ये भरायचं. एका भेटीचे ३०० रुपये. तिचे वडील परभणी जिल्ह्यात शेती करतात. त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता, आणि आपला खर्च आपण काढावा असं तिच्या मनात बरेच दिवस होतं.

आता माझा अपराध सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे कुठलाही इंग्रजी ईमेल आला की आमच्या विंगमधल्या मुली माझ्याकडे घेऊन येतात. तीही आली. "अगं बघ ना, खरं आहे का हे?" मी मेसेज दोनदा वाचला. स्पेलिंग बरोबर, ग्रामर बरोबर, वाक्यं स्वच्छ. आम्हाला शाळेत शिकवलेलं की खोट्या पत्रात चुका असतात. मग मी इंटरनेटवर 'मिस्टरी शॉपर' शोधलं, तर असं काम जगात खरंच असतं असं दिसलं. मी तिला म्हटलं, "जेन्युइन वाटतंय. कर."

दोन्ही तपासण्या मी बरोबर केल्या होत्या, पण त्या चुकीच्या तपासण्या होत्या. ठगाचं इंग्रजी आता वाईट नसतं. चांगलं इंग्रजी लिहून देणारी साधनं आज फुकट मिळतात. आणि असं काम जगात असतं, याचा अर्थ हेच काम खरं आहे असा होत नाही. नोटा खऱ्या असतात म्हणूनच खोट्या नोटा चालतात ना!

खरा मिस्टरी शॉपर

गोष्टीतला राजा वेष पालटून बाजारात फिरायचा आणि प्रजेचे हाल बघायचा. खरं मिस्टरी शॉपिंग म्हणजे तेच. मोठ्या साखळी दुकानांना, हॉटेलांना, बँकांना, पेट्रोल पंपांना आपल्या शाखेत गिऱ्हाइकाशी लोक कसे वागतात हे जाणून घ्यायचं असतं. मालक स्वतः गेला तर सगळे सलाम ठोकणार. म्हणून ते एखाद्या एजन्सीला सांगतात, एजन्सी साध्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून पाठवते. या धंद्यातल्या कंपन्यांची एमएसपीए नावाची व्यावसायिक संघटनासुद्धा आहे.

खऱ्या कामात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. मोबदला थोडा असतो, आणि रिपोर्ट तपासून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळतो. त्यावर पॉकेटमनी निघेल, घर चालणार नाही. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन लोकांना सरळ सांगतं की मिस्टरी शॉपर होण्यासाठी कुणाला पैसे भरू नका, 'सर्टिफिकेट' विकत घेऊ नका, आणि चेक जमा करून त्यातले पैसे पुढे पाठवायला सांगणारा माणूस ठगच असतो.

हा चेकचा प्रकार काय, ते आधी बघू. आपले कितीतरी सिनियर एमएसला तिकडे जातात, म्हणून त्यांनाही उपयोग होईल. शिवाय या फसवणुकीचं यंत्र तिथे सगळ्यात उघडं दिसतं.

अमेरिकेतला चेक

आमचा एक सिनियर दादा तिकडे शिकतो. त्याला घरपोच पाकीट आलं. आत २,४०० डॉलरचा बँकेचा चेक आणि एक पत्र. 'अभिनंदन, तुमची मिस्टरी शॉपर म्हणून निवड झाली आहे. चेक खात्यात भरा. ३०० डॉलर तुमचा पगार. उरलेल्या २,१०० ची अमुक दुकानातून गिफ्ट कार्डं घ्या, दुकानातली सेवा कशी होती ते लिहा आणि कार्डांच्या मागचे नंबर आम्हाला कळवा. काम ४८ तासांत व्हायला हवं.'

गंमत अशी की चेक भरला की दोन-एक दिवसांत खात्यात पैसे दिसतात! याला कारण तिथला १९८७ चा कायदा. जमा केलेल्या चेकचे पैसे ठराविक दिवसांत गिऱ्हाइकाला वापरू द्यायचे, असं बंधन त्याने बँकांवर घातलं. कायदा गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी होता. पण पैसे वापरता येणं वेगळं आणि चेक खरा ठरणं वेगळं. चेक बनावट आहे हे कळायला कधी कधी काही आठवडे जातात. तेवढ्यात तुम्ही कार्डांचे नंबर पाठवलेले असतात, आणि ठगाने ती केव्हाच रिकामी केलेली असतात. मग बँक चेकची रक्कम तुमच्या खात्यातून परत घेते.

हिशोब मांडा. जमा २,४००. कार्डांवर खर्च २,१००. बँकेने परत घेतले २,४००. शिल्लक उणे २,१००. म्हणजे ते २,१०० डॉलर पहिल्यापासून तुमचेच होते!

पूर्वी गिफ्ट कार्डांऐवजी मनी ट्रान्सफर वापरायला सांगत. 'या काउंटरवरची सेवा कशी आहे ते तपासा' असं म्हणून माणसाकडूनच पैसे बाहेर पाठवून घ्यायचे. या मार्गाने होणारी निरनिराळी फसवणूक इतकी वाढली होती की जानेवारी २०१७ मध्ये वेस्टर्न युनियनने अमेरिकी सरकारशी केलेल्या समझोत्यात ५८ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. वायर फ्रॉडला आपल्याकडून साहाय्य झाल्याचंही कंपनीने त्यात मान्य केलं.

दादाने चेक भरला नाही. पाकीट घेऊन तो युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेला. तिथे त्याला आणखी एक गोष्ट कळली. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर असं काम करता येत नाही. म्हणजे काम खरं निघालं असतं तरी व्हिसा धोक्यात आला असता. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा अवतार

आपल्याकडे साधारणपणे चेक वटल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. आणि आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात चेक लिहिलाय? म्हणून इकडे तोच खेळ यूपीआयवर होतो. बोली भाषेत याला 'टास्क फ्रॉड' म्हणतात. कधी काम हॉटेलांना रेटिंग द्यायचं असतं, कधी व्हिडिओ लाइक करायचे, कधी ऑनलाइन दुकानातली खरेदी तपासायची. नावं बदलतात, सांगाडा एकच. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अशा पार्टटाइम जॉबच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणाऱ्या १०० हून जास्त वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं होतं. पण वेबसाइट बंद केली की नवी उघडायला कितीसा वेळ लागतो?

रूममेटच्या बाबतीत काय झालं ते पायरीपायरीने लिहिते, सोडवलेल्या उदाहरणासारखं.

पायरी १. शनिवारी कॉफीच्या दुकानात जायचं, कॉफी घ्यायची, फॉर्म भरायचा. तिने १८० रुपयांची कॉफी घेतली. त्याच संध्याकाळी यूपीआयवर ४८० रुपये आले. निव्वळ फायदा ३००. आम्ही रात्री त्याचा वडापाव खाल्ला. मीही खाल्ला.

पायरी २. आता 'ऑनलाइन स्टोअर'ची तपासणी. त्यांच्या अ‍ॅपवर १,००० रुपयांची खरेदी आधी पैसे भरून करायची, मग कमिशनसकट परत. खरंच १,२०० आले. फायदा २००. एकूण फायदा ५००.

पायरी ३. तिला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे वीसेक 'शॉपर' रोज आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत आणि एकमेकांचं अभिनंदन करत. सगळे ठगाचेच असावेत. त्या ग्रुपमध्ये खरं गिऱ्हाईक बहुतेक ती एकटीच होती.

पायरी ४. 'कॉम्बो टास्क'. यात तीन खरेद्या. तिन्ही पूर्ण केल्याशिवाय एकाचेही पैसे मिळणार नाहीत, हे पहिली झाल्यावर सांगितलं. पहिली ५,०००. दुसरी १२,०००. तिसरी ११,०००. तिच्याकडे हॉस्टेल आणि मेससाठी घरून आलेले २४,००० होते. तिसऱ्यासाठी ४,००० कमी पडले, ते मी दिले. रात्रीचे पावणेदहा वाजले होते, आणि 'वीस मिनिटांत भरा, नाहीतर आधीचं सगळं रद्द' असं काउंटडाउन स्क्रीनवर चालू होतं.

पायरी ५. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये ४१,६०० रुपये दिसू लागले. काढायला गेली तर म्हणे, आधी ९,००० टॅक्स भरा.

हिशोब: गेले ५,००० + १२,००० + ११,००० = २८,०००. आधी आलेला फायदा ५००. निव्वळ तोटा २७,५००. ठगाच्या बाजूने बघा. त्याने ५०० रुपये लावून २८,००० काढले, ५६ पट. ते पाचशे रुपये पगार नव्हता, गळाला लावलेलं गांडूळ होतं.

बाण काढा

ती ९,००० मागायला माझ्याकडे आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मी अप्लाइड इलेक्ट्रिकलचं जर्नल लिहीत बसले होते. तिने रडतच सगळं सांगितलं. मला काही सुचेना, म्हणून मी जर्नलच्या मागच्या पानावर एक गोल काढला आणि म्हटलं, "हा तू. आता पैसा कुठून कुठे गेला ते एकेक सांग, मी बाण काढते."

सर्किट सोडवताना आपण काय करतो? नोड घेतो, आत येणारा करंट आणि बाहेर जाणारा करंट मांडतो. किर्चहॉफचा पहिला नियम, फर्स्ट इयरचा. आत येणारे बाण दोन निघाले, ४८० आणि १,२००. बाहेर जाणारे तीन मोठे. ४१,६०० चा बाण कुठे काढायचा? ती म्हणाली, "वॉलेटमध्ये आलेत ना!" मी बाण काढायला गेले आणि माझं पेन थांबलं. तो बाण बँकेतून आलाच नव्हता. तो फक्त त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा होता. मीटरवर रीडिंग दिसत होतं, पण मीटर त्यांनीच बनवलेला!

अमेरिकेतला चेक आणि आमचं वॉलेट, दोन्हींत एकच युक्ती आहे. तुमच्याकडे येणारा बाण दिसतो, पण असतो खोटा. तुमच्याकडून जाणारा बाण मात्र खरा असतो. काम, कंपनी, लोगो, इंग्रजी हे सगळं त्या दोन बाणांभोवतीचं नक्षीकाम. ते पुसून टाकलं की उरतं एवढंच: पगार देणारा तुमच्याकडेच पैसे मागतो आहे.

हे मी विंगमधल्या मुलींना समजावलं तेव्हा एकीने चांगली शंका काढली. "पण खऱ्या मिस्टरी शॉपिंगमध्येही आधी आपलेच पैसे जातात की! कॉफी आपणच घेतो." अगदी बरोबर. म्हणून नुसती दिशा बघून चालत नाही, बाणाचं टोक कुठे टेकलंय तेही बघा. खऱ्या कामात पैसे दुकानाच्या काउंटरवर जातात, आपल्याला कॉफी आणि बिल मिळतं, आणि रक्कम एवढी लहान असते की परत मिळाली नाही तरी आपण कॉफी तरी प्यायलेलो असतो. खोट्या कामात पैसे काम देणाऱ्याकडे किंवा तो सांगेल त्या अनोळखी खात्यात जातात, हातात काहीच येत नाही, आणि रक्कम दरवेळी वाढत जाते.

ओळखायचं कसं

पाठ करायला सोपं जावं म्हणून मुद्दे देते.

१. काम मिळण्यासाठी, वरच्या लेव्हलला जाण्यासाठी किंवा आपलाच पगार काढण्यासाठी पैसे भरायला सांगितले की तिथेच थांबा. नाव काहीही असो: रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, प्रीपेड टास्क, टॅक्स. कमाईवरचा टॅक्स असा कुणा माणसाच्या यूपीआयवर भरत नसतात.

२. पैसे पाठवण्याआधी अ‍ॅप समोरच्या खात्याचं नाव दाखवतं, ते वाचा. आमचे तीन हप्ते तीन वेगळ्या नावांवर गेले, आणि त्यात कंपनीचं नाव एकदाही नव्हतं. आम्ही तिन्ही वेळा ते न वाचता पुढे गेलो.

३. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकायला लागतोय म्हणजे पैसे जाताहेत.

४. पहिला पगार मिळाला हा पुरावा नाही. उलट ओळखदेख नसताना पहिल्याच दिवशी, कामाच्या मानाने जास्त पैसे आले तर जास्त सावध व्हा.

५. काउंटडाउन, 'फक्त आज', 'कुणाला सांगू नका, प्रोजेक्ट कॉन्फिडेन्शियल आहे' असं आलं की मुद्दाम उठून शेजारच्या खोलीत जा आणि कुणाला तरी सांगा. घाई आणि गुपित या दोन गोष्टी ठगाच्याच सोयीच्या.

६. कंपनीचं नाव मोठं असेल तर तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन तिथल्या नंबरवर विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या लिंकवर किंवा नंबरवर विचाराल तर उत्तर तोच देणार.

७. गेलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे टाकू नका. आम्ही तिसरा हप्ता याच आशेने भरला. पत्त्यात हरणारा माणूस जसा पुढचा डाव मांडतो, तसंच झालं.

पैसे गेलेच तर

त्या रात्री आम्ही रेक्टर मॅडमना उठवलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या गाऊनवर शाल घेऊन बाहेर आल्या, सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "१९३० ला फोन लावला का?" आम्ही लावला नव्हता. आम्हाला माहीतच नव्हता.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठी देशभर चालणारा हेल्पलाइन नंबर आहे. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली. तक्रार नोंदली की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे जिथे गेले त्या बँकेकडे जाते, आणि पैसे त्या खात्यात अजून पडून असतील तर तेवढे अडवले जातात. ठग मात्र पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवत असतो आणि शेवटी काढून घेतो. म्हणून इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. उद्या सकाळी बघू, असं म्हणू नका.

फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहून ठेवा: तारीख, वेळ, रक्कम, आपलं खातं, समोरचा यूपीआय आयडी, आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक यूपीआय अ‍ॅपच्या हिस्ट्रीत मिळतो. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात ग्रुप सोडू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार भरा. बँकेलाही कळवा.

आम्ही शेवटच्या हप्त्यानंतर दोन तासांनी फोन केला. ११,००० पैकी ६,२०० एका खात्यात अडवले गेले. आधीचे १७,००० त्याच दिवशी दुपारी निघून गेले होते. दुपारीच तिने कुणाला तरी सांगितलं असतं तर! पण ती सांगणार कुणाला? मीच तर 'जेन्युइन' म्हटलं होतं. अडवलेले पैसे परत मिळायलाही प्रक्रिया असते, अर्ज आणि खेपा असतात. आमचे अजून यायचे आहेत.

एक कायद्याची गोष्टही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून व्यवहार झाला आणि तुमची चूक नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यावर तोटा तुमच्यावर येत नाही, असं त्यात आहे. पण इथे पिन आपणच टाकलेला असतो. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. ठगासाठी मात्र कलमं आहेत. संगणकाच्या साहाय्याने दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. साधी फसवणूक पूर्वी ४२० खाली यायची, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली येते.

आणि आठवडाभराने रूममेटला फोन आला, "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फी फक्त २,०००." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर असा पुढे विकला जातो. यावेळी तिने कागद घेतला, गोल काढला, बाण काढला आणि फोन ठेवून दिला.

भाड्याचं खातं

सायबर पोलीस स्टेशनला मॅडम आमच्याबरोबर आल्या होत्या. तिथल्या साहेबांनी सांगितलेली एक गोष्ट मला तोट्यापेक्षा जास्त लागली. आमचे पहिले ५,००० ज्या खात्यात गेले, ते खातं परराज्यातल्या एका कॉलेज विद्यार्थ्याचं होतं. महिन्याला काही हजार रुपये घेऊन त्याने आपलं पासबुक, कार्ड आणि सिम कुणाला तरी 'वापरायला' दिलं होतं. ठगाचा चेहरा कुणालाच दिसला नाही. पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव मात्र त्या पोराचं आलं. खातं गोठलं, नोटीस गेली.

बँकेच्या भाषेत याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. आपल्या आवारातसुद्धा 'खातं भाड्याने द्या, कमिशन घ्या' असं विचारणारे येतात. काहींना ती फुकटची कमाई वाटते. तिथेही बाण काढून बघा. पैसा आत आला आणि लगेच बाहेर गेला, मधला नोड तुम्ही. तो पैसा कुणाच्या तरी मेसच्या फीचा असतो.

शेवटी

सगळ्यात अवघड काम वडिलांना सांगण्याचं होतं. तीन दिवस ती टाळत होती. हॉस्टेलवरच्या बहुतेक फसवणुकी अशाच दडून राहत असणार, कारण पैसे गेल्यापेक्षा 'एवढी शिकलेली आणि फसली' हे ऐकायची भीती जास्त. शेवटी माझ्यासमोर तिने फोन लावला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मंग मेसचं कसं करतीस?" तिला रागावतील याची तयारी होती, या प्रश्नाची नव्हती. ती खूप रडली.

मेसच्या काकूंनी दोन महिन्यांची सवलत दिली, मॅडमनी हॉस्टेल फीचे हप्ते करून दिले. माझे ४,००० ती परत करायचं म्हणते. मी सांगितलंय, ती माझी फी. कारण 'कर' असं मी म्हटलं होतं.

त्यातून मी शिकले ते एवढंच. कुणी विचारायला आलं की आता मी भाषा बघत नाही, लोगो बघत नाही. कागद घेते आणि गोल काढते. सिनियर मंडळींनी फर्स्ट इयरच्या मुलांना एवढं जरूर दाखवावं, आणि कुणी रात्री बारा वाजता रडत आलं तर आधी १९३० लावावा, उपदेश सकाळी करावा. आमच्या मॅडमनी तसंच केलं. उपदेश मात्र अजून चालू आहे!